जुन्या सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं वेब ॲप्लिकेशन मी चार वर्षांपासून सांभाळते. ते मी लिहिलेलं नाही. माझ्याआधी दोघांनी त्यावर काम केलं आणि दोघंही पुढे दुसरीकडे गेले. माझ्या हाती आलं ते कोडचं एक फोल्डर, पासवर्डची एक वही आणि मुख्य कार्यालयात जिन्याखालच्या कपाटात चालू असलेली विंडोजची एक मशीन. पिग्मी, आवर्त ठेव, मुदत ठेव, सोनेतारण, सात शाखांची रोजकीर्द, सगळं त्या मशीनवरच्या टॉमकॅटमधून, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरमधून, चालायचं. डेटाबेस तेवढा दुसरीकडे होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्या मशीनची डिस्क दगा देऊ लागली. त्यातच टॉमकॅट ८.५ ला ३१ मार्च २०२४ नंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत हे बरंच आधी जाहीर झालं होतं, आणि ऑडिटरच्या यादीत ‘जावा ८ बदलणे’ अशी स्वतंत्र ओळ होती. मार्च एंडच्या रात्री सातही शाखांचं व्याज खात्यांना वर्ग होतं. त्या रात्री डिस्क बसली तर, या विचाराने मला झोप लागत नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, काय करायचं ते २० तारखेच्या आत उरका. त्यानंतर मी कुणालाही मशीनला हात लावू देणार नाही.”

भाड्याने एक लिनक्स मशीन घेतली. १६ मार्चच्या शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मी आणि माझा सहकारी कामाला बसलो. जुनी मशीन आम्ही चालूच ठेवली होती.

सहकाऱ्याने डेबियन १२ वर नेहमीच्या पद्धतीने जावा आणि टॉमकॅट बसवून ठेवले होते. डेबियन १२ मध्ये सरळ मागितलं की जावा १७ आणि टॉमकॅट १०.१ मिळतात. जुन्या मशीनवरची वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचं बांधलेलं गाठोडं, जशीच्या तशी आणून टाकली, टॉमकॅट सुरू केला, ब्राउझर उघडला. ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

४०४ दिसलं की माणूस पत्ता तपासत बसतो. पोर्ट बरोबर आहे का, फोल्डरचं नाव बरोबर आहे का, फायरवॉल उघडी आहे का. सहकाऱ्याचा अर्धा तास त्यातच गेला. मी लॉग बघू म्हणाले. कॅटलिनाच्या लॉगमध्ये एवढंच होतं की एक किंवा अधिक लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारे कोडचे तुकडे) सुरू झाले नाहीत, तपशील योग्य त्या कंटेनर लॉगमध्ये मिळेल. इथे बरेच जण थांबतात, कारण हा योग्य लॉग कोणता ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं. तो शेजारीच असतो, लोकलहोस्ट नावाने सुरू होणारी त्या तारखेची फाइल. ती उघडली आणि खरं नाव समोर आलं: नो क्लास डेफ फाउंड एरर, म्हणजे हवा तो क्लास (जावा कोडचा एक घटक) सापडला नाही, आणि पुढे जावाएक्स-सर्व्हलेटमधल्या एका लिसनरचं नाव.

“ताई, सर्व्हलेटची जार नाहीये. उतरवून घेऊन वेब-इन्फच्या लिबमध्ये टाकू?”

मी नको म्हणाले. जार म्हणजे लायब्ररीची बांधलेली फाइल, आणि वेब-इन्फचं लिब हे वॉरच्या आतलं जारचं फोल्डर. ती जार जुन्या मशीनवरच्या आमच्या वॉरमध्येही नव्हती, तरी ॲप्लिकेशन इतकी वर्षं चाललंच ना? मग ती आजवर कोण पुरवत होतं? पुरवत होता खुद्द टॉमकॅट. सर्व्हलेटचे, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या हाताळायचे, क्लास देणं हे त्याचंच काम. नवा टॉमकॅटही ते देतो, पण वेगळ्या नावाने. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई, म्हणजे सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशनसाठीचा जावाचा भाग, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, मात्र ‘जावाएक्स’ हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरायची मुभा काही ठरू शकली नाही. म्हणून २०२० मध्ये नव्या नावाचं जकार्ता ईई ९ आलं तेव्हा ते सगळे क्लास ‘जावाएक्स’खालून उठून ‘जकार्ता’ या नावाखाली गेले. टॉमकॅट १० ने ते स्वीकारलं, टॉमकॅट ९ जुन्या नावावरच राहिला. आमचा कोड जुनं नाव घेऊन हाक मारत होता आणि त्या नावाचं घरात कुणीच नव्हतं. जुनी जार आणून टाकली असती तर नाव सापडलं असतं, पण टॉमकॅट १० ला जो लिसनर हवा आहे तो हा नव्हे. एरर बदलली असती, एवढंच.

टॉमकॅट १० मध्ये जुन्या वॉर फाइली आपोआप नव्या नावांत बदलून घ्यायची सोय आहे, त्यासाठी वेगळं फोल्डर दिलेलं असतं. मी ती वापरली नाही. सात शाखांचा हिशेब ज्यावर चालतो ते मार्चमध्ये एका यांत्रिक रूपांतराच्या भरवशावर सोडायला मन धजेना. टॉमकॅट ९ उतरवला. जावाही १७ वरून ११ वर आणली, कारण ॲप्लिकेशनचा सांगाडा असलेली आमची स्प्रिंग ५.१ ही लायब्ररी जावा ११ धरून बनवलेली होती. ऑपरेटिंग सिस्टीम, जावा आणि टॉमकॅट या तिन्ही गोष्टी आम्ही एका झटक्यात बदलायला निघालो होतो. मागे काय मोडलं की पुढे काय दिसतं हे त्यात कळेनासं होतं.

पुन्हा सुरू केलं. या वेळी लॉग बराच पुढे गेला आणि हायबरनेट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, उठताना थांबला. पुन्हा नो क्लास डेफ फाउंड, नाव जावाएक्स-एक्सएमएल-बाइंड.

सहकारी लगेच म्हणाला, “हे पण जकार्ताचंच.” दिसायला तसंच दिसतं. पण पुरवठादार वेगळा होता. जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएल आणि जावाच्या वस्तू यांची अदलाबदल करणारी लायब्ररी, जावा ६ पासून खुद्द जावाच्या पोटातच येत होती. त्यामुळे कुणाच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, तिचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं. जावा ९ मध्ये तिला निरोपाची नोटीस मिळाली आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा ११ मधून ती काढून टाकली गेली. म्हणजे आता तिला आपणच सोबत आणायचं. जॅक्सबी-एपीआयची २.३.१ आवृत्ती पॉममध्ये लिहिली. एवढ्याने भागत नाही हे मला आधी एकदा ठेच लागून कळलं होतं. एपीआयच्या जारमध्ये नुसता करार असतो, काम करणारा कारागीर जॅक्सबी-रनटाइमच्या जारमध्ये. एकटी एपीआय टाकली तर पुढची एरर येते की जॅक्सबीची अंमलबजावणी कुठेच सापडली नाही. दोन्ही टाकल्या, आणि दोन्ही २.३ च्याच घेतल्या. नवीन म्हणून ३ किंवा ४ घेतली की नावं पुन्हा जकार्ताखाली जातात आणि आपण जिथे होतो तिथेच येतो.

पॉममध्ये दोन नोंदी वाढवल्या, आता बिल्ड करायचं, म्हणजे कोडपासून नवी वॉर बांधायची. तो शनिवार इथे खरा अडला.

आजवर मी या ॲप्लिकेशनचं बिल्ड माझ्या एकाच लॅपटॉपवर करत आले होते. आधीच्या माणसाने काम सोपवताना त्याच्या मशीनवरचं मेव्हनचं (लायब्रऱ्या उतरवून बिल्ड करणाऱ्या साधनाचं) साठ्याचं फोल्डर मला पेनड्राइव्हवर दिलं होतं आणि मी ते तसंच माझ्याकडे उतरवून घेतलं होतं. त्या दिवशी लॅपटॉप घरी होता. नव्या मशीनवर सहकाऱ्याने बिल्ड चालवलं आणि मेव्हन पहिल्याच पावलावर थांबलं. पॉममधला मध्यवर्ती भांडाराचा पत्ता साध्या एचटीटीपीचा होता. मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारी २०२० पासून तसा पत्ता स्वीकारणं बंद केलंय, आणि मेव्हन स्वतःही ३.८.१ पासून बाहेरच्या साध्या एचटीटीपी पत्त्यांना अडवतं. एक अक्षर वाढवून तो पत्ता दुरुस्त झाला. जार भराभर उतरू लागल्या. साठ, सत्तर, ऐंशी. मग लाल ओळ आली: आयटेक्स्ट, आवृत्ती २.१.७ आणि पुढे जेएस ६, सेंट्रलमध्ये सापडत नाही.

पावत्यांचं पीडीएफ करणारं जॅस्पररिपोर्ट्स ज्या आयटेक्स्टवर उभं होतं, ती आयटेक्स्टची नेहमीची २.१.७ नव्हती. जॅस्परच्या गरजेप्रमाणे दुरुस्त केलेली ती प्रत होती, म्हणून शेवटी जेएस. ती सेंट्रलवर नसायची, वेगळ्या भांडारात असायची, आणि आमच्या पॉममधला त्या भांडाराचा पत्ता आता उत्तर देत नव्हता. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड इतकी वर्षं सुरळीत होत होतं ते केवळ पेनड्राइव्हवरून आलेल्या त्या फोल्डरमुळे. मेव्हन आधी घरच्या साठ्यात बघतं, मिळालं तर बाहेर विचारतही नाही. एका माणसाने कधीतरी एकदा उतरवून घेतलेली जार हाच संस्थेच्या सगळ्या पावत्यांचा आधार होता, आणि तो लॅपटॉप हरवला असता तर मला हे ऐन मार्चमध्ये कळलं असतं. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली.

नेहमीची २.१.७ लावून बघू, असं सहकारी म्हणाला. बिल्ड कदाचित झालंही असतं. पण दुरुस्त केलेल्या प्रतीत काय दुरुस्त केलंय हे ठाऊक नसताना ती बदलायची नाही, असं मी ठरवलं. जार मिळवायला लांब जायची गरज नव्हती. वॉर फाइल म्हणजे झिपच असते. जुन्या सर्व्हरवरची वॉर उघडली, वेब-इन्फच्या लिबमध्ये ती जार बसलेली होती. तिची आणि चालू असलेल्या टॉमकॅटने उलगडून ठेवलेल्या प्रतीची एसएचए-२५६ बेरीज (फाइलचा ठसा) काढून ताडून पाहिली, जुळली. मग मेव्हनच्या इन्स्टॉल-फाइल आज्ञेने ती नव्या मशीनच्या साठ्यात नोंदवली आणि एक प्रत कोडच्याच भांडारात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. रात्री साडेअकराला बिल्ड झालं. शिपाईमामा दोनदा चहा देऊन खुर्चीतच पेंगत होते. आम्ही कुलूप लावून निघालो.

रविवारी सकाळी नवी वॉर चढवली. लॉगइनचं पान आलं! पण नाव-पासवर्ड टाकल्यावर डेटाबेस नाही. एररमध्ये ड्रायव्हर क्लासचं नाव रिकामं आणि पत्ता नल. याचा अर्थ टॉमकॅटला डेटाबेसची ओळखच करून दिलेली नव्हती. ती ओळख जुन्या टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये होती. ती उतरवून आणली. मग पुढची एरर आली, मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसचा ड्रायव्हर क्लास लोड होत नाही.

आमच्या पॉममध्ये तो ड्रायव्हर होता, पण त्याचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ लिहिलेला. म्हणजे बिल्ड करताना मला लागेल, पण वॉरमध्ये भरू नकोस, तिथे गेल्यावर कुणीतरी देईल. हे ‘कुणीतरी’ कोण? डेटाबेसच्या जोडण्या टॉमकॅट स्वतः सांभाळत असेल तर ड्रायव्हर टॉमकॅटच्या लिबमध्ये असावा लागतो, तेव्हा तो तिथेच असणार.

जुन्या मशीनवर टॉमकॅटचं लिब फोल्डर उघडलं. ड्रायव्हर होता. आणि तिथेच माझा हात थांबला. या फोल्डरमध्ये माणसाने स्वतःच्या हाताने आणखी काय काय टाकलंय? ॲप्लिकेशन मेव्हनने बांधतो म्हणून सगळं पॉममध्ये लिहिलेलं आहे अशी माझी समजूत होती, आणि तिला शनिवारपासून तडे जात होते. मी सहकाऱ्याला म्हटलं, “एरर यायची वाट नको बघायला. याच आवृत्तीचा कोरा टॉमकॅट उतरव, दोन्ही लिबमधल्या फाइलींच्या याद्या काढ आणि फरक बघ.”

फरक तीन ओळींचा निघाला.

पहिली ओळ मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची. दुसरी एका एसएमएस सेवेच्या जारची, फाइलवरची तारीख २०१६ ची. तिसरी जार नव्हतीच. ती जॅस्परच्या सेटिंगची एक छोटी प्रॉपर्टीज फाइल होती, आत तीन-चार ओळी. तिचं महत्त्व मला त्या वेळी कळलं नाही, तरी तीही उचलून घेतली.

एसएमएसची जार बघून मी गार पडले. पिग्मी एजंटांचा भरणा रात्री नऊला जुळवला जातो आणि मग ठेवीदारांना ‘आज इतकी रक्कम जमा’ असा संदेश जातो. तो कोड दिवसभर कुणी हाकत नाही. जावा क्लास तेव्हाच शोधते जेव्हा त्याचं काम पडतं. म्हणजे आम्ही दिवसभर सगळी पानं उघडून बघितली असती, सगळं छान चालतंय म्हणून घरी गेलो असतो, आणि रात्री नऊला संदेश गेले नसते. दिवसभर भाजी विकून संध्याकाळी पन्नास रुपये एजंटाच्या हातात देणाऱ्या बाईला तो संदेश हीच पावती असते. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी ती एजंटालाच जाब विचारणार.

त्यानंतर मी जेडेप्स चालवलं. हे हत्यार जावा ८ पासून जावासोबतच मिळतं आणि कोणता क्लास कोणावर अवलंबून आहे ते दाखवतं. जे कुठेच मिळत नाही त्यापुढे ‘नॉट फाउंड’ येतं. एसएमएसची जार बाजूला ठेवून चालवलं तर तिच्या क्लासपुढे बरोबर ‘नॉट फाउंड’ आलं. मला हे हत्यार फार आवडतं, पण त्याची हद्द ओळखून वापरावं लागतं. स्प्रिंगच्या एक्सएमएलमध्ये किंवा एखाद्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये क्लासचं नाव नुसतं मजकूर म्हणून लिहिलेलं असेल तर ते जेडेप्सला दिसत नाही. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर असाच नावाने मागवला जातो, म्हणून जेडेप्सच्या यादीत तो आला नाही. दोन लिब फोल्डर शेजारी ठेवून केलेली साधी तुलनाच त्या दिवशी जास्त कामाची ठरली.

ड्रायव्हर आणि एसएमएस, दोन्ही जागच्या जागी ठेवून पुन्हा सुरू केलं तेव्हा हायबरनेटने तिसऱ्याच प्रकारची एरर दिली: नो सच मेथड. ही ‘क्लास नाही’ असं म्हणत नाही. क्लास आहे, पण त्यात मला हवी ती मेथड नाही, असं म्हणते. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आत शिरलेल्या असतात आणि चुकीची पुढे आलेली असते. वेब-इन्फच्या लिबमध्ये बघितलं तर हायबरनेटला लागणारी जावासिस्ट ही लायब्ररी दोनदा, एक ३.८ आणि एक ३.२०. मेव्हन सहसा असं होऊ देत नाही, एका लायब्ररीची एकच आवृत्ती ठेवतं. पण जावासिस्टचं गटनाव मध्येच बदललं, आधी नुसतं ‘जावासिस्ट’ होतं, पुढे ‘ओआरजी-जावासिस्ट’ झालं. मेव्हनच्या लेखी त्या दोन वेगळ्या लायब्रऱ्या. डिपेन्डन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुणामुळे येते त्याची यादी) छापून बघितल्यावर कळलं की जुनी प्रत एका जुन्या, पडद्यावरचे फॉर्म हाताळणाऱ्या लायब्ररीच्या पाठीवर बसून येत होती.

सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. “पण ताई, जुन्या सर्व्हरवरही या दोन्ही आहेत. तिथे कसं चालतंय?”

मी उत्तर लगेच दिलं नाही. दोन्ही मशीनवर फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतात ते एका छोट्या जावा प्रोग्रॅमने छापून बघितलं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावं अकारविल्हे आली. लिनक्सच्या ईएक्सटी ४ वर क्रम विस्कटलेला, कारण तिथे फाइलींची नावं हॅशप्रमाणे मांडलेली असतात. आणि टॉमकॅट आवृत्ती ८ पासून लिबमधल्या जार स्वतः क्रमाने लावत बसत नाही, फाइल सिस्टीमने दिल्या तशा घेतो. अक्षरांच्या क्रमात ३.२० हे ३.८ च्या आधी येतं, म्हणून विंडोजवर चांगली जार आधी यायची, लिनक्सवर जुनी आधी आली. इतकी वर्षं ते ॲप्लिकेशन वर्णमालेच्या कृपेने चालू होतं. पॉममध्ये जुन्या जावासिस्टला वगळायची नोंद टाकली, ट्री पुन्हा छापून एकच उरली याची खात्री केली, आणि मागचं फोल्डर साफ करून नव्याने बिल्ड केलं. ‘क्लीन’ न करता बिल्ड केलं तर आधीच्या खेपेची जार बिल्डच्या टार्गेट फोल्डरमध्ये तशीच पडून राहू शकते आणि वॉरमध्ये जाऊ शकते, हे विसरायचं नाही.

दुपारी तीनला आत शिरता आलं. खातेउतारे, रोजकीर्द, कर्जाचे हप्ते, सगळं उघडत होतं. आता उरली पावती.

पावतीवर क्लिक केल्यावर ५००, म्हणजे सर्व्हरची एरर, आली. सहकाऱ्याने लॉगमधली शेवटची एरर वाचून दाखवली: नो क्लास डेफ फाउंड, जेआर स्टाइल्ड टेक्स्ट पार्सर. तो म्हणाला, “जॅस्परची जार अर्धवट उतरली असणार.” त्याने जार पुसून पुन्हा आणली. तीच एरर. तिसऱ्यांदा दुसऱ्या भांडारातून आणली. तीच.

मी त्याला म्हटलं, “पूर्ण ओळ वाच.” पूर्ण ओळीत नावाच्या आधी ‘कुड नॉट इनिशिअलाइझ क्लास’ असे शब्द होते. या चार शब्दांनी अर्थ उलटा होतो. इथे क्लास गहाळ नाही. क्लास सापडला होता, पण तो पहिल्यांदा उभा राहताना कोसळला, आणि जावाने लक्षात ठेवलं की हा उभा राहत नाही. त्यानंतर कितीही वेळा मागितला तरी ती हीच तक्रार देते, आणि आमच्या जावा ११ वर मूळ कारण पुन्हा सांगत नव्हती. कारण छापलं गेलं होतं ते पहिल्याच वेळी. म्हणून टॉमकॅट सुरू केल्यावर पहिल्यांदा पावती मागितली त्या क्षणापर्यंत लॉगमध्ये मागे जायचं. आम्ही वर वर सरकत गेलो. तीन वाजून एकावन्न मिनिटांना ते सापडलं, लांबलचक रांगेच्या तळाशी, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ला: फॉन्टकॉन्फिग हेड इज नल, तुमचे फॉन्ट तपासा.

मशीनवर फॉन्टच नव्हते. सर्व्हरला पडदा नसतो, म्हणून कमीत कमी सामान बसवलेल्या लिनक्सवर फॉन्ट आणि ते शोधून देणारं फॉन्टकॉन्फिग येत नाहीत. पण पीडीएफवर अक्षर काढायचं तर जावाला त्याची मापं घ्यावी लागतात, आणि मापं घ्यायला फॉन्ट लागतो. विंडोजवर हे कधी जाणवलंच नाही, तिथे मंगल फॉन्ट ऑपरेटिंग सिस्टीमच देत होती.

फॉन्टकॉन्फिग बसवलं, टॉमकॅट पुन्हा सुरू केला. आता जॅस्परने सरळ सांगितलं की मंगल फॉन्ट या जावाला उपलब्ध नाही. गहाळ फॉन्टकडे दुर्लक्ष करायची एक सेटिंग जॅस्परमध्ये आहे आणि अनेक जण घाईत ती लावतात. आम्ही लावून बघितली तर एरर गेली, आणि त्याबरोबर पावतीवरची सगळी मराठीही गेली. आकडे होते, नावांच्या जागी कोरे चौकोन. ती सेटिंग मी काढून टाकली. पैशाच्या कागदावर नाव नसण्यापेक्षा एरर बरी, निदान काउंटरवर कळतं तरी.

मंगल विंडोजसोबत येतो, मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली, तो उचलून लिनक्सवर टाकणं मला मान्य नव्हतं. लोहित देवनागरी घेतला, तो खुल्या परवान्याचा आहे. नुसता मशीनवर बसवला नाही. जॅस्परमध्ये फॉन्ट एका छोट्या जारमध्ये बांधता येतो, आत फॉन्टची फाइल आणि तिची ओळख सांगणारं एक एक्सएमएल. ती जार पॉममध्ये लिहिली आणि पावतीच्या साच्यांत मंगलच्या जागी लोहित केलं. उद्या मशीन पुन्हा बदलली तर फॉन्ट वॉरबरोबरच जाईल.

पावती आली. मराठी दिसली. सहकारी टाळी द्यायला पुढे आला आणि मी कागद जवळ धरला. ‘शिल्लक’ शब्दातली वेलांटी श च्या डावीकडे असायची ती उजवीकडे सरकली होती, आणि ‘ल्ल’चा जोड तुटून मधला पाय उघडा पडला होता. अक्षरं सगळी होती, पण शब्द मराठी नव्हता.

आयटेक्स्टची ती पिढी देवनागरीची जुळणी करत नाही. जशी अक्षरं आली तशी एकापुढे एक ठेवते. मग जुन्या सर्व्हरवर पावत्या नीट कशा निघत होत्या? तेव्हा मला सकाळची तिसरी फाइल आठवली. त्या प्रॉपर्टीज फाइलमधल्या तीन-चार ओळींपैकी एक ओळ जॅस्परला सांगत होती की देवनागरी मजकूर आयटेक्स्टवर सोपवू नकोस, जावाच्याच अक्षरजुळणीतून काढून घे. माझ्याआधीच्या कुणीतरी, कदाचित अशीच वेलांटी चुकलेली पावती हातात धरून, ही ओळ शोधून काढली होती. त्याचं ते काम फार चांगलं होतं. त्याने ती टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवली, कोडमध्ये नाही, म्हणून ते मला चार वर्षं कळलं नाही. मी ती फाइल कोडच्या रिसोर्सेसमध्ये घेतली.

सोमवारी सकाळी दहाला कॅशियर मॅडमनी नव्या सर्व्हरवरून पहिली पावती छापली. मी काउंटरच्या आत, त्यांच्या मागे उभी होते. मी मुद्दाम कऱ्हाडच्या शाखेतलं खातं निवडायला सांगितलं होतं, कारण ‘ऱ्ह’ हा जोड सगळ्यात आधी तुटतो. मॅडमनी चष्मा वर करून पावती वाचली, शाखेच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे की.”

रात्री आठ वाजून पन्नास मिनिटांनी मी पुन्हा कार्यालयात होते. माझं स्वतःचं पिग्मीचं खातं त्याच संस्थेत आहे, दुपारी एजंटकाकांकडे शंभर रुपये भरून ठेवले होते. सहकारी लॉग उघडून बसला होता. वाट बघताना आम्ही कोडच्या भांडारात एक मजकूर फाइल लिहायला घेतली होती. कोणती जार आजवर कुठून येत होती, आता कुठून येते, कुणी आणली, का. आयटेक्स्टपर्यंत पोचलो होतो. नऊ वाजून सहा मिनिटांनी माझा फोन वाजला: आज रु. १०० जमा.

व्यवस्थापकांनी विचारलं, जिन्याखालची मशीन आता भंगारात देऊ का. मी म्हटलं, “सर, एप्रिल संपेपर्यंत राहू द्या. व्याज वर्ग झाल्यावर तिचं लिब फोल्डर मला एकदा पुन्हा बघायचंय.”